निवट्याचा कोट

आमच्या घरात तोंडाचं काम माझ्याकडे. माझी थोरली जाऊ पुतळी कधी आवाज चढवायची नाय, म्हणून गाव तिला गरीब गाय समजायचं. डोंबलाची गाय! तिच्या पोटात राग लोणच्यासारखा मुरायचा. लग्न होऊन आली त्या वर्षी आमच्या मावससासूने चारचौघींत तिच्या भाकरीला नाव ठेवलं, तर अकरा वर्षं तिने त्या घरचं पाणी तोंडात घेतलं नाय. बाराव्या वर्षी म्हातारीचा हात मोडला. तेव्हा ही बया रोज जाऊन तिला भाकऱ्या थापून घालायची, आणि प्रत्येक भाकरी ताटात टाकताना विचारायची, "आता बरी जमते का गो मावशी?" म्हातारीच्या घशाखाली घास उतरायचा नाय.

आमचं गाव जोह्याच्या खाली, खाडीच्या अंगाला. वर जोहे-हमरापुरात घरोघर गणपती घडतात, खाली आमच्याकडे भात, भातामागून वाल, आणि पलीकडे मिठागरं. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मैलभर मातीचा बांध. त्याला खेकडे बिळं पाडतात. बिळातून खारं पाणी आत शिरलं की मग तीन-तीन वर्षं त्या जमिनीत धड गवत उगवत नाय. म्हणून गावकीने बांधाला राखणदार ठेवलेला. रात्रीची भरती ओसरली की पहाटे बांध चालायचा, आतल्या चरात उतरून बिळं शोधायची आणि दुपारची भरती यायच्या आत चिखलाने बुजवायची. हे काम माझ्या थोरल्या दिराचं, रघूचं होतं. तो काविळीने गेला तेव्हा पुतळी तिशीची, पदरात मूल नाय. तेरावं झालं आणि ही त्याची काठी घेऊन देवळात गावकीसमोर उभी राहिली.

"बांध मी राखीन."

सगळे बाप्ये गालात हसले. दाजी तेव्हा गावकीचा पुढारी. तो म्हणाला, "पुतळे, पहाटेच्या थंडीत कमरेएवढ्या चरात उतरायचं काम हाय ते."

"मग उतरीन."

आणि उतरली. पुढची वीस वर्षं उतरली.

निवट्या तिला उघाडीपाशी सापडला. उघाडी म्हणजे पाणी सोडायचं बांधातलं दार. तिथल्या चिखलात निवटे मासे टुणटुण उड्या मारत असतात, त्यांच्यातच हे पिल्लू रुतून बसलेलं, रंगही तोच. म्हणून नाव निवट्या. गावठी कुत्रं, पण नाक असं की ज्याचं नाव ते. खेकड्याचं बीळ असेल तिथे चरात उडी मारायचा, पुढच्या पायांनी उकरायचा आणि पुतळी येईपर्यंत हलायचा नाय. माणसाला जे बीळ दिसायला भरती यावी लागते, ते त्याला आधी कळायचं. स्वभावाने मात्र खडूस. अंगाला हात फक्त दोघींना लावू द्यायचा, पुतळीला आणि मला. मी त्याला सुक्या बोंबलाची डोकी घालायचे ना!

आठ वर्षांचा झाला आणि बांधावरून आल्यावर थरथरायला लागला. तोपर्यंत कधी नाय. एका पहाटे पुतळीने माझा हात धरून त्याच्या पोटाखाली घातला.

"बघ गो बायजे. बर्फातला बांगडा लागतो तसा लागतोय."

"अगो, कुत्रं हाय ते! त्याला काय होतंय?"

"घाटावरच्या धनगराचं कुत्रं बघ. कांबळं घेऊनच जन्माला येतं. याच्या अंगावर हाय काय? कापलेल्या भाताचे खुंट. आणि पोटाला तर तेवढेही नायत."

मग तिने कोट शिवायला घेतला. पहिला कोट तिने चुकवलाच. मिठागरावरची रिकामी गोण पडली होती, ती घेतली. हिचं माहेर रोह्याच्या आत, डोंगराच्या कुशीतलं, इतकी वर्षं खाडीवर काढली तरी हिला मिठाची गोण काय ठाऊक! कितीही धुवा, तिच्या धाग्यातून मीठ जात नाय, आणि मीठ दव ओढतं. निवट्या कोट घालून गेला तो कोटाशिवाय जेवढा भिजायचा त्याच्या दुप्पट भिजून आला. मी पोट धरून हसले. पुतळी हसली नाय. तिने ती गोण घडी घालून माळ्यावर टाकली. ती काही फेकायची नाय.

दुसरा कोट मात्र झकास झाला. तांदळाची गोण, आतून रघूभावजींच्या जुन्या घोंगडीचं अस्तर, दाभणाने घातलेले टाके. पाठ, छाती आणि पोट झाकायचं, पाय मोकळे, आणि बरगडीच्या बाजूला चार बंद. कोट फक्त बांधावर जाताना. परत आलं की काढायचा, चुलीपुढे सुकवायचा, आणि ऊन वर आल्यावर निवट्या उघड्या अंगाने अंगणात पसरायचा. दोन हिवाळे तो असा गेला आणि त्याचं थरथरणं थांबलं. गाव हसायचं. पोरं ओरडायची, "निवट्या साहेब चालले हापिसात!" पुतळी ऐकून घ्यायची. कोण कोण हसतंय ते मात्र ती बघून ठेवायची.

सगळ्यात जास्त हसायचा पुंडलिक, आमच्या भावकीतला पुतण्या. तेव्हा रोह्याला रेल्वे येऊन एखाद-दोन वर्षं झाली होती. हा तिथल्या एका कंपनीत गेटवर होता. दुपारची शिफ्ट. कंपनीने त्याला आतून अस्तराचा गरम खाकी कोट दिलेला. मेला तो कोट घालून सगळ्या गावभर मिरवायचा, आणि वर म्हणायचा, "आपल्या कोकणात थंडी हायच कुठे?" त्याच्या शेताचा तुकडा अगदी बांधाला लागून, उघाडीच्या अलीकडे. त्या वर्षी त्याचा वाल बघण्यासारखा आला होता.

मार्गशीर्ष अमावास्येच्या आदल्या दिवशी, दिवस मावळताना, त्याच्या शेतावर पोपटी लावली. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, ओवा, मीठ, मडकं भरून पालथं घातलं आणि भोवती जाळ. आम्ही भावकीतली वीसेक माणसं होतो. पुतळी बाजाराला पेणला गेलेली, शेवटच्या गाडीने येणार होती. जाताना तिने निवट्याला कोट चढवून माझ्याकडे सोपवलं होतं, कारण दुपारपासूनच वारा सुटला होता.

पेंढा संपत आला. जाळ बसला. पुंडलिक म्हणाला, "शेंगा कच्च्या ऱ्हातील. कायतरी टाका रे." मग त्याची नजर निवट्यावर गेली. "हा बघा, गोणपाट चालत आलाय!"

काय हशा पिकला! मीही हसले. आणि पुढच्या मिनिटाला निवट्याचा कोट जाळावर होता. घोंगडीच्या लोकरीचा घाण वास सुटला, तरी शेंगा मस्त भाजल्या. मीही खाल्ल्या. खोटं कशाला बोलू.

पुतळी आली, तिने उघडा निवट्या बघितला. "कोट?"

"पुंडल्याने जाळला," मी म्हटलं.

तिने घरातली दुसरी गोण शोधली, दिव्यापाशी नेली, पण निम्मे टाके घालेपर्यंत पहाट झालीच. अमावास्येचं उधाण, बांध चुकवून चालणार नव्हतं. तिने निवट्याला खांबाला बांधलं आणि एकटी गेली. त्याने दोरी कुरतडली आणि मागून पळाला. नऊ वर्षांची सवय ती.

उघाडीच्या अलीकडे त्याने चरात उडी मारली. पुतळी त्या वेळी मैलभर लांब दुसऱ्या टोकाला होती. तो भुंकला, उकरत राहिला, भुंकला. गळ्याएवढं गार पाणी, वरून उत्तरेचा वारा. त्या वाऱ्यात भुंकणं तिला उशिराच ऐकू गेलं, ती पोचेपर्यंत पाऊण तास गेला. माझी मूठ जाईल एवढं बीळ होतं. तिने बुजवलं. दुपारी उधाण आलं, बांधाला धडकलं, पण आत थेंब आला नाय. त्या बिळाच्या समोर पुंडलिकचा वाल उभा होता.

संध्याकाळी निवट्याची छाती घरघरायला लागली. दुसऱ्या दिवशी हमरापूरहून कच्चे गणपती घेऊन पेणला टेम्पो चालला होता. त्या पेंढ्यात, गणपतींच्या मध्ये टोपली ठेवून आम्ही दोघी त्याला घेऊन गेलो. पेणच्या जनावरांच्या डॉक्टरने छातीला नळी लावली.

"न्यूमोनिया दिसतोय. म्हातारा कुत्रा, आखूड केसांचा, पोटावर तर काहीच नाही. थंडी-वाऱ्यात भिजतो का?"

"रोज," पुतळी म्हणाली.

"अशा कुत्र्याला हिवाळ्यात बाहेर नेताना अंगावर काहीतरी हवं. लोक हसतात, पण लागतं. घालत होता का काही?"

"घालत होते," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी टोपलीकडे बघितलं.

डॉक्टरने इंजेक्शनं दिली. तिसऱ्या पहाटे, बांधावर जायच्या वेळेला, निवट्या उठायला गेला आणि तसाच पडला. पुतळीने त्याला बांधाच्या कडेला पुरलं. रडली नाय. मला वाटलं, चला, कुत्रंच होतं, विसरेल. मी पण काय येडी!

पुढच्या रविवारी तिने गावकी बसवली. देवळासमोर माणसं जमली ती मजा बघायला. कुत्र्याच्या कोटापायी गावकी म्हणजे काय! दाजी हसू दाबत म्हणाला, "पुतळे, पुंडलिक एक नारळ देवापुढे ठेवील. झालं?"

"नारळ नको."

पुंडलिक खाकी कोटाच्या खिशात हात घालून उभा. म्हणाला, "काकी, तुझं कुत्रं म्हातारं झालं, मेलं. कुत्र्याला कसली थंडी? देवानं केस दिलेत त्याला. आखूड का असंना. आपल्या अंगावर तर तेवढेही नायत, आपण मरतोय का?"

मी पुतळीकडे बघत होते. तिचा चेहरा कसा झाला सांगू! जाळ्यात मासा आला की कोळिणीचा होतो तसा.

"खरं हाय," ती म्हणाली. "तुझ्या अंगावर तेवढेही नायत. मग माझा निवट्या गेलाय, तर त्याचं काम तू कर. सात दिवस. पहाटे, उघड्या अंगाने, तो चरात उतरायचा तसं उतरून. मला दुसरं काय नको. आणि मधेच सोडायचं असंल तर गावकीसमोर एवढंच म्हणायचं, थंडी वाजतेय, कोट दे. त्याच मिनिटाला तू सुटलास."

लोकांनी टाळ्या पिटल्या. कोकणात थंडी हायच कुठे म्हणणारा माणूस आता नाय कसं म्हणणार? दुपारची शिफ्ट, म्हणजे पहाट मोकळी. पुंडलिकने छाती फुगवली. "सात काय, सतरा दिवस येतो!" दाजीने मान डोलावली आणि ठरलं.

पहिल्या पहाटे निम्मं गाव बांधावर. पुंडलिक उघडाबंब, चड्डीवर, मांड्या थोपटत चालला. मागून पुतळी, डोक्यावरून शाल, हातात काठी. जिथे संशय येईल तिथे ती थांबायची आणि निवट्याला घालायची तशी शीळ घालायची. पुंडलिक चरात उतरायचा, हाताने बीळ चाचपायचा. लोक हसून हसून लोळले. दुसऱ्या पहाटे दहाजण होते. तिसऱ्या पहाटे कोणी नाय. मी वाल तोडायला शेतात असायचे, म्हणून बघायचे. पुंडलिक अंगाला तेल चोपडून आला होता, तरी त्याचे दात वाजलेले मला वीस हातांवरून ऐकू आले.

चौथ्या दिवशी वारा पुन्हा उत्तरेचा झाला. पाचव्या दिवशी त्याला चरातून वर चढता येईना. पुतळीने काठी पुढे केली, वर ओढलं आणि पुन्हा शीळ घातली. त्याची बायको मालू माझ्याकडे रडत आली, मग आम्ही दोघी पुतळीकडे गेलो.

"काकी, सोड गो त्यांना. खोकून खोकून उलटी होते."

"मी कुठे धरलंय? चार शब्द हायत. बोलायचे आणि जायचं."

"ते नाय बोलायचे. गाव काय म्हणंल?"

"मग नको बोलू दे," पुतळी म्हणाली, आणि पुन्हा शिवायला बसली. तिच्या मांडीवर माळ्यावरची मिठाची गोण होती, आणि मी बघितलं तर चांगली पुरुषाच्या मापाने कापलेली.

सहाव्या पहाटे दव असं पडलं होतं की वालाच्या पानांवरून पाणी गळत होतं. बांधाच्या शेवटाला देऊळ हाय. तिथे दाजी आणि चार म्हातारे शेकोटीला बसलेले. पुंडलिक तिथवर आला आणि गुडघ्यावर बसला. ओठ निळे. शेकोटीकडे सरकायला लागला, तर पुतळीने काठी आडवी धरली.

"निवट्याला शेकोटी नव्हती."

मग तो बोलला. आधी कोणाला ऐकूच गेलं नाय. दाजी म्हणाला, "काय रे?"

"थंडी वाजतेय," पुंडलिक म्हणाला आणि पोरासारखा रडायला लागला. "काकी, थंडी वाजतेय गो. कोट दे."

"कुत्र्याला वाजती का?"

"वाजती. वाजती गो काकी."

पुतळीने पदराखालून कोट काढला. रात्रभर दवात टांगून ठेवलेला. तिने स्वतः त्याच्या अंगात घातला, बरगडीच्या बाजूला चार बंद घट्ट आवळून बांधले. त्याच्या दंडांवरून, मनगटांवरून तिने हात फिरवला, अगदी आईने फिरवावा तसा. मला वाटलं, विरघळली.

"हा तर ओला हाय!" पुंडलिक किंचाळला.

"मिठाची गोण ती. ओलच धरणार. तुला कोट पायजे होता, मी दिला. घालून घरी जा."

त्याचं घर बांधाच्या दुसऱ्या टोकाला. म्हातारे बघत होते, काढायची सोय नव्हती. मैलभर तो त्या गोणीत चालत गेला, चरातल्या काटक्यांनी अंग खरवडलेलं, त्यात मीठ. मालूने दारातच बंद कापले. आठ दिवस तापाने फणफणला. उठला तो बायको-पोरांना घेऊन रोह्याला खोली करून राहिला. गावात आला की पोरं शीळ घालायची, म्हणून नंतर येईनासाच झाला. त्याचा वाल त्या साली दुसऱ्यांनी तोडला.

मला वाईट वाटलं का? नाय. मला हायसं वाटलं. आणि का वाटलं, ते आता सांगते. इतकी वर्षं कोणाला सांगितलेलं नाय.

त्या पोपटीला पुंडलिक निवट्याच्या मागे धावला तेव्हा निवट्याने दात दाखवले. पुंडलिक दोन हात मागे झाला. मग म्हणाला, "बायजाकाकी, तूच काढ की. तुझं ऐकतो तो." सगळे माझ्याकडे बघून हसत होते. मलाही चेव आला. मी "ये रे निवट्या" म्हटलं. तो शेपटी हलवत आला, माझ्या पायाशी उभा राहिला, मी बंद सोडत होते तेव्हा माझा हात चाटत होता. चारही बंद मी सोडले आणि कोट पुंडलिकच्या हातात दिला.

पुंडलिक सुटला त्याच्या दुसऱ्या पहाटे माझ्या दाराची कडी वाजली. पुतळी होती. हातात काठी.

"चल," ती म्हणाली.

"कुठे गो बाय?"

"बांधावर. सात दिवसांतला एक उरलाय."

मी खुंटीवरची शाल घ्यायला वळले.

"ती ऱ्हाऊ दे."

ती शांतपणे बोलत होती, भाजीबद्दल बोलावं तशी. "सहा दिवस पुंडल्या माझ्यापुढे उघडा चालला. त्याचे हात बघितले मी. दंड बघितले, मनगटं बघितली. दाताची एक खूण नाय. निवट्याने त्याला बंद सोडू दिले असते का? फाडला असता."

मी शाल खुंटीवरच राहू दिली आणि तिच्या मागून निघाले. अंगणातच दवाने पाय भिजले. बांधावर चढलो तर खाडीवरून वारा आला तो सरळ पोलक्यातून आत. दहा पावलंही गेलो नसू. मला ते चार शब्द ठाऊक होते आणि मला पुंडलिकसारखी छातीही फुगवायची नव्हती.

"बाय," मी म्हटलं, "थंडी वाजतेय गो. चुकलं माझं. थंडी वाजतेय."

ती थांबली नाय. मागे वळून बघितलंही नाय.

"माहीत हाय," ती म्हणाली. "चल."